नाव हैदराबादचं, जवान कुमाऊंचे

मुलांनो, आजच्या गोष्टीची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. चूक लहान नव्हती.

सतरा सप्टेंबर म्हटलं की आपल्या मराठवाड्यात झेंडावंदन असतंच. त्या दिवशी सिरसाळ्याला मुलांसाठी एक प्रश्नमंजूषा ठेवली होती आणि प्रश्न विचारायला मला बसवलं होतं. हातात कार्डांचा गठ्ठा, समोर तीन-तीन मुलांचे सहा संघ, मागं पालक. शेवटची फेरी चालू होती. मी कार्ड वाचलं, "पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा सैन्यात कोणत्या रेजिमेंटमधून दाखल झाले?"

सातवीतल्या एका मुलानं हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हैदराबाद रेजिमेंट!"

माझ्या कार्डावर लिहिलं होतं, कुमाऊं रेजिमेंट. मी म्हणालो, "चूक." मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आज मुक्तिसंग्राम दिन आहे आणि हा सोमनाथ शर्मांना निझामाच्या फौजेत घालतोय!" सगळे हसले. पोरगं खाली बसलं. कान लाल झाले होते त्याचे. त्याचा संघ एका गुणानं हरला.

संध्याकाळी तो घरी आला. हातात एक जुनं, पाठ निघालेलं पुस्तक होतं. काही न बोलता त्यानं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. सोमनाथ शर्मा २२ फेब्रुवारी १९४२ रोजी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाले, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. मी माझ्याकडची पुस्तकं काढली. तिथंही तेच. मुलगा बरोबर होता, कार्ड चुकलं होतं आणि कार्ड न तपासणारा मी तर सगळ्यात जास्त चुकलो होतो.

पण तो जायला निघाला नाही. त्याच्या मनात दुसराच प्रश्न होता. "सर, मग ते खरंच निझामाच्या फौजेत होते का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जायचं नाही. सिरसाळ्याहून परळी गाठायची आणि तिथून अंबाजोगाईची एस.टी. पकडायची.

अंबाजोगाईला निझामाच्या काळात सरकारी कागदावर मोमिनाबाद म्हणत. योगेश्वरीच्या या गावाला लागून एके काळी घोडदळाची छावणी होती. तिथल्या सैन्याचं नाव 'हैदराबाद कंटिंजंट'. अशाच छावण्या औरंगाबादला, जालन्याला, हिंगोलीला, वऱ्हाडात अचलपूरला आणि हैदराबादजवळ बोलारमला होत्या. हिंगोलीला कुणाचे नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावं तिथं अजून चालतात. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखाना तुम्हांला ठाऊकच आहे. आणि पेन्शनपुरा? नोकरी संपलेले शिपाई जिथं घरं बांधून राहिले तो पुरा. मला हे नाव फार आवडतं. लढायांची नावं पुस्तकात असतात, पण म्हातारपणी शिपाई कुठं राहिला हे असं गल्लीच्या नावातच सापडतं.

आता हे कंटिंजंट कुणाचं होतं? इथंच खरी गंमत आहे. पगार निझामाच्या तिजोरीतून, अधिकारी इंग्रज, आणि हुकूम हैदराबादेत बसणाऱ्या इंग्रज रेसिडेंटचा. १८१३ साली हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटनं 'रसेल ब्रिगेड' उभी केली. तिकडं वऱ्हाडात तिच्याही आधीपासून अचलपूर ब्रिगेड होती. तिची सगळ्यांत जुनी पलटण १७८८ सालची. अशा तुकड्या एकत्र करून हे सैन्य तयार झालं. शिपाई बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले, काही दख्खनी मुसलमान. म्हणजे छावणी आपल्या माळावर, खर्च आपल्या रयतेच्या सारावसुलीतून आणि भरती बहुतेक बाहेरगावची.

हा खर्च निझामाला झेपेना. पगार थकले की इंग्रज स्वतः पैसे देत आणि निझामाच्या नावावर कर्ज मांडत. कर्ज वाढत गेलं. शेवटी १८५३ साली तह झाला आणि सैन्याचा खर्च भागावा म्हणून निझामानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्याच तहात सैन्याचा आकडाही ठरला : ५००० पायदळ, २००० घोडदळ आणि ४ तोफखाने. १८६० साली ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र तिकडंच राहिलं.

तुमच्या गावात शेत गहाण पडलेलं एखादं घर असेल. आजोबांना विचारा, गहाण कसं असतं ते. सावकार म्हणतो, शेत तुझंच आहे, फक्त कसतो मी. वऱ्हाडचं तसंच झालं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१८५७ साली या सैन्यानं काय केलं, हेही सांगायला हवं. ते लपवलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. औरंगाबादला याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यानं जूनमध्ये बंड केलं. ते मोडायला इंग्रजांनी जनरल वुडबर्नची फौज आणली आणि बंडवाल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. आणि याच कंटिंजंटच्या दुसऱ्या तुकड्या सर ह्यू रोजच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात जाऊन झाशीच्या राणीविरुद्ध आणि तात्या टोप्यांविरुद्ध लढल्या. एकाच सैन्यातली माणसं, एकाच उठावात दोन बाजूंना. एकाला शूर आणि दुसऱ्याला वाईट म्हणून वाटणी करायला मला तरी जमत नाही. भाकरी जिथून मिळते तिथं माणूस किती बांधला जातो, हे तेव्हाच्या शिपायालाच ठाऊक.

१९०२ साली लॉर्ड कर्झननं निझाम महबूब अली खान यांच्याशी करार केला. वऱ्हाड इंग्रजांकडं कायमच्या पट्ट्यानं गेलं, वर्षाला २५ लाख रुपये ठरले. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९०३ साली, हैदराबाद कंटिंजंट हे वेगळं सैन्यच मोडीत निघालं. त्याच्या पलटणी आणि रिसाले इंग्रजांच्या मोठ्या हिंदी सैन्यात मिसळले. पायदळाला नवे नंबर मिळाले : ९४ ते ९९. मोमिनाबादची घोडदळाची छावणीही उठली.

म्हणजे बघा, ज्या सैन्याच्या खर्चासाठी मुलूख घेतला होता ते सैन्य राहिलं नाही, पण मुलूख परत आला नाही!

पहिलं महायुद्ध (१९१४ ते १९१८) थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला त्याच्यानंतरच्या वीस वर्षांकडं जायचं आहे. पण दोन प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या कंटिंजंटमधली ९८ वी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदरावर उतरली. समोर जर्मनांचं सैन्य. लढाई ऐन भरात असताना झाडांवरची मोहळं उठली! मधमाश्यांनी ९८ व्या पलटणीवर असा हल्ला केला की सैनिक सैरावैरा झाले. माश्यांनी जर्मनांनाही सोडलं नाही म्हणतात. तरी हार इंग्रजांची झाली. ही लढाई पुढं 'मधमाश्यांची लढाई' म्हणूनच ओळखली गेली.

दुसरा प्रसंग घोडदळाचा. कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याचं नाव तोवर '२० वा डेक्कन हॉर्स' झालं होतं. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ, या घोडेस्वारांनी हातात भाले घेऊन मशिनगनच्या जमान्यात हल्ला केला. गव्हाच्या शेतांतून घोडी धावली. ते दृश्य बघणाऱ्यांना ते शेकडो वर्षांपूर्वीचं वाटलं असेल. तेवढ्या दिवसात फार पुढं काही जाता आलं नाही.

युद्ध संपलं आणि इंग्रज सरकारनं हिशेबाची वही उघडली. एवढं मोठं सैन्य आता पोसायचं कशाला? १९२१-२२ मध्ये सगळ्या हिंदी सैन्याची नवी मांडणी झाली. घोडदळाचे ३९ रिसाले होते, ते जोडून-मोडून २१ केले. २० वा डेक्कन हॉर्स आणि २९ वा लान्सर्स, दोघंही मूळचे कंटिंजंटचे, एकत्र करून ९ वा रॉयल डेक्कन हॉर्स झाला. पायदळाच्या पलटणी गोळा करून २० मोठ्या रेजिमेंटा बांधल्या. आपल्या ९४, ९५, ९६, ९८ वगैरे नंबरांच्या पलटणी एका छत्राखाली आल्या आणि नाव ठरलं, '१९ वी हैदराबाद रेजिमेंट'.

हे नंबर वाचायची एक युक्ती आहे. शाळेत आपण '७ वी ब' म्हणतो ना, तसंच. '४/१९ हैदराबाद' म्हणजे १९ व्या रेजिमेंटची ४ थी पलटण. ही ४ थी म्हणजेच मधमाश्या चावलेली जुनी ९८ वी, आणि त्याही आधीची १७८८ सालची अचलपूरची! प्रत्येक रेजिमेंटमध्ये १० वा नंबर नव्या रंगरुटांना शिकवणाऱ्या पलटणीला दिलेला असे. मधले काही नंबर मोकळे असत. युद्ध आलंच तर नव्या पलटणी उभ्या करून ते भरायचे. सोमनाथ शर्मांची ८ वी पलटण अशीच दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी भरलेली.

१९२३ साली या रेजिमेंटमध्ये एक नवा पाहुणा आला. हिमालयाच्या कुशीत अलमोडा, नैनिताल, राणीखेत हा भाग आहे, त्याला कुमाऊं म्हणतात. तिथल्या लोकांची 'कुमाऊं रायफल्स' नावाची पलटण १९१७ साली राणीखेतला उभी राहिली होती. ती आता हैदराबाद रेजिमेंटला जोडली गेली. कुमाऊंची माणसं या पलटणींत आधीही होती, आता त्यांची संख्या वाढत गेली. जोडीला हरियाणाकडचे अहीर आणि जाट. दख्खनी माणूस मात्र हळूहळू दिसेनासा झाला.

का? तर इंग्रजांच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. काही जाती-जमाती म्हणे जन्मतःच लढवय्या आणि काही जन्मतःच नाहीत. डोंगरातला, उत्तरेतला माणूस लढवय्या, आणि दक्षिणेतला नरम. या कल्पनेला शास्त्राचा आधार काही नव्हता, पण तिच्यावर हजारो माणसांच्या नोकऱ्या ठरत होत्या.

याचा सगळ्यांत कडू घास कुणाच्या वाट्याला आला हे सांगतो. महार समाजातले सैनिक पूर्वी मुंबई सैन्यात मोठ्या संख्येनं असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. पण १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली गेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुढची वीस वर्षं भरतीसाठी अर्ज, विनंत्या, सभा चालूच राहिल्या. बाबासाहेबांनी तो प्रश्न सोडला नाही. शेवटी दुसरं महायुद्ध आल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळाचा इतिहास लिहायचा तर एक रेजिमेंट अशीही धरावी लागते, जी त्या काळात नव्हतीच आणि जिच्यासाठी लोक भांडत होते.

असो, पुन्हा हैदराबाद रेजिमेंटकडं येऊ. १९२३ सालीच आणखी एक गोष्ट घडली. हिंदी तरुणांना सैन्यात वरचे अधिकारी होऊ द्यावं, अशी मागणी वाढत होती. तोवर राजाचं कमिशन जवळजवळ सगळं गोऱ्यांनाच. आपला माणूस कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर चढत नसे आणि कालच आलेल्या एकवीस वर्षांच्या गोऱ्या साहेबाला सलाम ठोकी. सरकारनं तोड काढली. सैन्यातल्या फक्त ८ तुकड्या निवडल्या, २ घोडदळाच्या आणि ६ पायदळाच्या. हिंदी अधिकाऱ्यांना तिथंच पाठवायचं. त्या आठांत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ५ वी पलटण होती आणि ४/१९ हैदराबादही होती.

वरवर ही बढती वाटते. पण आठच का? कारण हिंदी अधिकारी सगळीकडं पसरले तर उद्या एखादा गोरा अधिकारी हिंदी माणसाच्या हाताखाली येईल! ते टाळायचं होतं. शिवाय या तुकड्यांत आपल्या तरुण अधिकाऱ्यांना छोट्या छोट्या टोळ्यांचं काम देत, जे इतर पलटणींत जमादार-सुभेदार करीत. वर्गाचा मॉनिटर तू, पण तुझा वर्ग वेगळ्या खोलीत, असा प्रकार. सँडहर्स्टला गोऱ्या पोरांच्या बरोबरीनं शिकून आलेल्या तरुणांना हे किती लागत असेल!

पण त्या वेगळ्या खोलीतून कोण बाहेर पडलं ते पाहा. कोडगूचे कोदंडेर सुबय्या थिमय्या याच ४/१९ हैदराबादचे. १९३५ साली क्वेट्टाला प्रचंड भूकंप झाला तेव्हा थिमय्या आणि त्यांच्या पत्नी नीना तिथं होते आणि मदतीच्या कामात उतरले. पुढच्या वर्षी मद्रासच्या विद्यापीठाच्या सैनिकी पथकात कॉलेजातल्या मुलांना कवायत शिकवायला त्यांना पाठवलं. ही विद्यापीठांची पथकं १९२० च्या एका कायद्यानं निघालेल्या प्रादेशिक दलाचा भाग. नोकरी-शिक्षण सांभाळून काही काळ कवायत करायची, असं ते दल. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली एन.सी.सी. निघाली ती त्याच वाटेवर. तुमच्यापैकी कुणाचे दादा-ताई एन.सी.सी.त असतील तर सांगा त्यांना.

दुसरे सत्यवंत श्रीनागेश. यांचा जन्म कोल्हापूरचा. आधी ते मद्रास पायोनिअर्समध्ये होते. ती पलटण १९३३ साली मोडली आणि श्रीनागेश ४/१९ हैदराबादमध्ये आले. पुढं स्वतंत्र भारतात श्रीनागेश १९५५ ते १९५७ या काळात सरसेनापती झाले आणि लगेच त्यांच्यानंतर थिमय्या १९५७ ते १९६१. जिथं हिंदी अधिकाऱ्यांना बाजूला बसवलं होतं, त्याच एका पलटणीतून देशाला पाठोपाठ दोन सरसेनापती मिळाले.

तिकडं वऱ्हाडचं काय झालं? मघाचं गहाण शेत आठवतंय ना? निझाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ साली इंग्रजांना पत्र लिहिलं. सार असं की, ज्या सैन्यासाठी वऱ्हाड दिलं ते सैन्य आता उरलं नाही, तर मुलूख परत करा. त्यात आपण बरोबरीच्या नात्यानं बोलतो आहोत, असाही सूर होता. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ रोजी उत्तर धाडलं. ते फार प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या राजाची सत्ता हिंदुस्थानात सर्वांत वरची आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करू शकत नाही, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना होई, त्याला सावकारानं ओसरीवरूनच परत पाठवलं. १९३६ साली समजूत काढली ती अशी : वऱ्हाडवर निझामाचा मालकी हक्क कागदोपत्री मान्य, त्यांच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी, आणि कारभार होता तसाच इंग्रजांकडं! आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणाचा कारभार हवा, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

याच सुमारास, १९३५ साली, हैदराबाद रेजिमेंटमध्येही नावावरून बोलणं निघालं होतं. आपल्या रेजिमेंटचा हैदराबादशी आता संबंध काय? भरती तिकडून होत नाही. जवान कुमाऊंचे, तर नावही कुमाऊं ठेवा. वरून नकार आला. एकाचं नाव बदललं की दुसरे रांग लावतील, अशी भीती. म्हणून अलमोड्याचा पोरगा घरी पत्र लिहिताना आपल्या रेजिमेंटचं नाव हैदराबादच लिहीत राहिला. आपल्या मराठवाड्यातला पोरगा मात्र त्या रेजिमेंटच्या भरतीत कुठं नव्हता.

आता निझामाच्या स्वतःच्या फौजेबद्दल, म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. निझामाची फौज यापेक्षा पूर्ण वेगळी होती. तिचा पगार, हुकूम, झेंडा सगळं निझामाचं. दोन्ही नावांत 'हैदराबाद' असल्यानं भलतीच गफलत होते, आणि ती फक्त आपल्या प्रश्नमंजूषेतच होते असं नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपाननं मलायावर हल्ला केला तेव्हा कोटा भारू इथल्या विमानतळाच्या रखवालीला निझामाची '१ ली हैदराबाद इन्फन्ट्री' होती, आणि त्याच मलायात '४/१९ हैदराबाद'ही लढत होती. एकाच देशात दोन हैदराबाद! ४/१९ ची स्लिम नदीच्या लढाईत, जानेवारी १९४२ मध्ये, दाणादाण उडाली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि उरलेले जवान जपान्यांचे कैदी झाले. युद्धानंतर ती पलटण पुन्हा उभी करावी लागली.

सतरा सप्टेंबर १९४८ ला जी शरण आली ती निझामाची स्वतःची फौज. दुसऱ्या दिवशी तिचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरींपुढं रीतसर शरणागती पत्करली. सोमनाथ शर्मांचा त्या फौजेशी काडीचा संबंध नव्हता. आणि तोवर त्यांची रेजिमेंट हैदराबाद या नावाचीही राहिली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मागणी मान्य झाली आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी ती 'कुमाऊं रेजिमेंट' झाली. १९४२ ला दाखल झाले तेव्हा हैदराबाद, १९४७ ला लढले तेव्हा कुमाऊं. माझ्या कार्डातला घोळ इथला होता.

३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला मेजर शर्मा ४ कुमाऊंच्या एका कंपनीचं नेतृत्व करत होते. डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. कितीतरी पटींनी जास्त असलेल्या हल्लेखोरांना त्यांच्या कंपनीनं अडवून धरलं, म्हणून विमानतळ वाचला. ते तिथंच धारातीर्थी पडले. त्यांना मिळालेल्या परमवीर चक्राचं चित्र सावित्रीबाई खानोलकरांनी काढलेलं आहे. आणि ती ४ कुमाऊं म्हणजे कोण ते आता तुम्हीच सांगा. हो, ४/१९ हैदराबाद. त्याआधी ९८ वी. त्याआधी अचलपूर.

आणखी एक खूण दाखवतो. कुमाऊं रेजिमेंटच्या बिल्ल्याचं चित्र कुठं मिळालं तर नीट पाहा. त्यात पंजात क्रूस धरलेला, मागच्या पायांवर उठलेला अर्धा सिंह आहे. हिमालयात सिंह कुठून आला? तो आला रसेल घराण्याच्या मानचिन्हातून. १८१३ साली हैदराबादेत ब्रिगेड उभी करणारे तेच रेसिडेंट रसेल. नाव बदललं तरी सिंह राहिला.

डेक्कन हॉर्सनं घोडी सोडून रणगाडे घेतले. १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या लढाईत आणि १९६५ साली पंजाबात असल उत्तरला ते रणगाडे लढले. त्यांनी नावातलं 'डेक्कन', म्हणजे आपलं दख्खन, मात्र सोडलं नाही.

हे सगळं मी त्या मुलाला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. त्यानं वहीत ४/१९, ९८, १७८८ असं एकाखाली एक लिहून घेतलं आणि बाणांनी जोडलं. मग मी म्हणालो, "त्या दिवशीचा गुण मी तुला देतो. सगळ्यांसमोर, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, चूक माझी होती असं सांगतो." आणि तसं सांगितलंही. बक्षीस म्हणून विजेत्या संघाला दिलं होतं तसलंच एक पेन मी त्याच्यासाठी आणलं होतं.

त्यानं पेन घेतलं, टोपण उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं.

"सर," तो म्हणाला, "आमच्या संघात तिघं होतो."

उरलेली दोन पेनं मी सोमवारी परळीहून आणली.